मागच्या सतरंजीवरची मालनवहिनी

मी मालनवहिनीचा पदर इतक्या जोरात ओढला की खांद्यावरची पिन तुटली. तरी बाई थांबेना! समोर हजारो पोरंपोरी उभी, एकाच्या तोंडातून आवाज नाही, स्टेजवरची वाद्यं बंद, आणि ही आपली डोळे मिटून गातेय. सगळी नोकरी हायस्कूलच्या ऑफिसात काढली, हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची भांडणं पाहिली, पण असा धक्का मला जन्मात बसला नव्हता. थांबा, हे असं मधूनच सांगून उपयोग नाही. आधी वहिनी कोण ते सांगते.

मालन माझ्या थोरल्या भावाची, कारभारीदादाची बायको. माहेर येवल्याकडचं, सासर आमचं निफाड तालुक्यातलं. लग्न होऊन आली तेव्हा इतकी हडकुळी होती की आमची आई म्हणाली, ही पाण्याची घागर उचलेल का? घागर तर उचललीच, पुढे अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली आणि गावातली अर्धी पोरं हिच्या हातचा उपमा खाऊन मोठी झाली. दादा साखर कारखान्यात होता. पण कारखाना पोटासाठी, जीव सगळा गाण्यात. त्याची स्वतःची गायन पार्टी होती. भीमजयंती असो, लग्न असो, बारसं असो, आमच्याकडे गायन पार्टीशिवाय मांडव भरल्यासारखा वाटत नाही. दादा स्वतः गाणी रचायचा आणि शेवटच्या कडव्यात ‘कारभारी म्हणे’ असं आपलं नाव घालायचा. नाव आलं की गाणं संपलं. त्याच्याआधी गाणं सोडायचं नाही, हा त्याचा हट्ट.

पार्टीची बसायची पद्धत ठरलेली. पुढे मुख्य गायक पेटी घेऊन, त्याच्या बाजूला, जरा त्याच्याकडे तोंड करून ढोलकीवाला, आणि मागच्या सतरंजीवर कोरस. कोरसमधली एक बाई लग्न होऊन गेली म्हणून दादाने वहिनीला एका रात्रीपुरती मागे बसवली, ती पुढे तीस वर्षं तिथून उठली नाही. खरं सांगू? आवाज हिचा दादापेक्षा सरस होता. मी दादाच्या तोंडावर सांगितलं होतं, हिला पुढे बसव. तो हसला. तीही हसली. म्हणे, “अंजाबाई, म्होरं बसून काय करू? मागं बसलं की समद्यांना सांभाळता येतं.” मला तिडीक आली होती तेव्हा. अजून येते.

आता सांभाळायचं म्हणजे काय, ते ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मुख्य गायकाला ठसका लागला, शब्द विसरला, दम संपला, तर कोरसने ओळ तिथल्या तिथे उचलायची. मागे-पुढे बघायचं नाही. आणि गायक परत ओळ हातात घेईपर्यंत ती सोडायची नाही, परत परत म्हणत राहायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. यात वहिनीचा हात कोणी धरत नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी जयंतीला आमच्या गावातच कार्यक्रम होता. दादा त्याचं पाण्याचं गाणं म्हणत होता. ‘पाटाला पाणी आलं, आलं रानोरानी, ओंजळीत आमच्या आलं भीमामुळं पाणी.’ ढोलकीवर त्यांचा पोरगा, धम्मपाल, तेव्हा कॉलेजात होता. तिसरं कडवं आलं. ‘आई माझी उभी होती विहिरीच्या दूर, रिकाम्या त्या घागरीला…’ आणि दादा थांबला. ढोलकीही थांबली. वहिनीने नेहमीसारखी ओळ उचलली, ‘आला आज पूर!’ तिला वाटलं, ह्याला ठसका लागला आणि पोरगं ठेका चुकलं. डोळे मिटलेलेच. तिने अख्खं कडवं एकटीने ओढून नेलं. कडवं संपवून डोळे उघडले तर दादा पेटीच्या पलीकडे आडवा, आणि माणसं स्टेजवर चढलेली. नाशिकला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं म्हणाले.

आमच्यावर आभाळ कोसळलेलं, आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या भावकीतली गोजराबाई अंगणात बसून बोलली, “नवरा पडला आन् ही आपली गातीय!” मी तिला हाताला धरून अंगणाबाहेर काढली. जे तोंडाला आलं ते बोलले, आणि आजही भेटली तर पुन्हा बोलेन. पण वहिनीने ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून तिच्या तोंडातून सूर निघाला नाही. धम्मपालने तिला नाशकात इंदिरानगरला आणलं, माझ्या घराच्या मागच्याच गल्लीत. रविवारी आम्ही दोघी विहारात जायचो. वंदना सुरू झाली की वहिनी नुसते ओठ हलवायची. शेजारी बसून मला कळायचं ना! एकदाच मी विचारलं. म्हणाली, “अंजाबाई, माझा माणूस मरत व्हता आन् मी त्याच्या उरावर गात व्हते. धम्मपाल ढोलकी सोडून गप बसला, त्याला कळलं. मला नाय कळलं. लेकाच्या मनात काय आसंल गं?” मी म्हटलं, विचार त्याला. म्हणे, इचारायची हिंमत नाय. आणि तो पोरगाही त्या दिवसाचं नाव काढायचा नाही. एका घरात राहून मायलेक नऊ वर्षं त्या एका गोष्टीला वळसा घालून चालत होते.

आता धम्मपालचं. बाप गेल्यावर ढोलकी त्याने कपाटावर टाकली आणि गिटार धरली. दिवसा पाटबंधारे खात्यात कारकून, बाकी वेळ बँड. नाशकात तेव्हा असे चार बँड होते म्हणे, आपापली गाणी करणारे. चारही मोडले. कोणाचं पटलं नाही, कोणी पुण्याला गेलं. मग मोडलेल्या चारही बँडमधला एकेक चांगला गडी उरला, आणि त्या चौघांनी मिळून नवा बँड काढला. गाण्याला धम्मपाल, ड्रमवर योगिनी म्हणून एक पोरगी, आणि दोघं गिटारवाले. पेपरात आलं, नाशिकचा सुपरग्रुप! मी म्हटलं, चार संसारांतली उरलेली भांडी एकत्र केली तर त्याला सुपर म्हणतात होय? नाव काय ठेवलं तर ‘गाळप’. बापाच्या कारखान्यावरून.

पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या गॅदरिंगला. मी हौसेने गेले आणि कान धरून परत आले. पण पोरांनी चिकाटी सोडली नाही. योगिनीच्या वडिलांच्या गोडाऊनमध्ये सराव, शनिवार-रविवारी पुणे, बंगळुरू, पार शिलाँग. परत येऊन सोमवारी धम्मपाल तांबारलेल्या डोळ्यांनी ऑफिसात. मग त्यांचं ‘घागर’ नावाचं गाणं मोबाइलवर जे सुटलं ते सुटलंच. माझ्या भाचीच्या मैत्रिणी मला विचारायला लागल्या, तुम्ही खरंच धम्मपालच्या आत्या? म्हटलं, खोटं कशाला सांगू! ते गाणं मी मात्र ऐकलं नव्हतं, आणि वहिनीनेही नाही. ती म्हणायची, मला नाय कळत ते. मला वाटतं, तिला भीती वाटायची.

यंदा फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे बसले असताना धम्मपाल घरी आला आणि म्हणाला, बँड बंद होतोय. एक गिटारवाला कॅनडाला चाललाय, त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही असं चौघांनी ठरवलंय. शेवटचा कार्यक्रम नाशिकलाच, गावाबाहेर द्राक्षाच्या मळ्यात, संध्याकाळी. सगळं रेकॉर्ड करून त्याची शेवटची रेकॉर्ड निघणार होती. “आत्या, तू आईला घेऊन ये,” म्हणाला. वहिनी चटकन उठून आत गेली. मी तिच्या मागे गेले. म्हटलं, पोराचा शेवटचा कार्यक्रम आहे, न जाऊन चालेल का? ती पीठ मळायला बसली आणि मळता मळता म्हणाली, “जाऊ. पर मागं बसू.”

मागे कुठलं बसायला! बसायलाच नव्हतं. गेटवर आमच्या मनगटाला कागदी पट्ट्या बांधल्या, दवाखान्यात बाळाच्या हाताला बांधतात तशा. वहिनीने पोरासाठी भाकरी आणि ठेचा आणला होता. तिथला सिक्युरिटीवाला म्हणे बाहेरचं खाणं चालत नाही, डबा इथंच ठेवा. मी त्याला विचारलं, तुझी आई डबा घेऊन आली असती तर? तो बिचारा वरमला, पण डबा ठेवूनच घेतला. आत बघते तर काय, हा समुद्र! मळ्याच्या मोकळ्या रानात पोरंच पोरं. केस निळे, केस हिरवे, हातात वाइनचे ग्लास. वहिनी माझा दंड धरून म्हणाली, “अंजाबाई, ही समदी आपल्या धम्मूला बघायला आल्यात?” तिचा विश्वासच बसेना, आणि खरं सांगते, माझाही बसेना.

धम्मपालने आमच्यासाठी स्टेजच्या डाव्या अंगाला दोन खुर्च्या टाकून ठेवल्या होत्या. ऊन उतरलं आणि सुरू झालं. बाई गं, काय तो आवाज! छातीत धडधडायला लागलं, ते माझं काळीज की योगिनीचा ड्रम हेच कळेना. मी कानात बोटं घातली. शेजारी बघते तर वहिनी मांडीवर बोटाने ठेका धरून बसलेली. तिला शब्द लागत नव्हते, ताल मात्र पहिल्या गाण्यालाच लागला. आणि धम्मपाल! घरात चार शब्द न बोलणारा, ऑफिसातून येऊन मुकाट जेवणारा हा पोरगा, नस फुगेस्तोवर ओरडत होता, आणि समोरची हजारो पोरं त्याचा शब्द न् शब्द त्याच्याबरोबर म्हणत होती. मी थक्क झाले. हा आमच्या घरातलाच का, असं वाटलं.

शेवटी तो म्हणाला, “घागर.” एकच गलका झाला. पहिलं कडवं त्याचं स्वतःचं होतं, नळाच्या रांगेचं, टँकरचं. दुसरं आलं आणि मी खुर्चीत ताठ झाले. चाल बदलली. गिटारच्या कल्लोळात ओळखीचे शब्द वर आले, ‘आई माझी उभी होती विहिरीच्या दूर…’

दादाचं गाणं! वहिनीकडे बघायची माझी छाती होईना, तरी तिरक्या नजरेने पाहिलं. तिची बोटं मांडीवर थांबली होती, डोळे मिटलेले होते. धम्मपाल माइकला चिकटून, आवाज चढवत चढवत गेला, “रिकाम्या त्या घागरीला…”

आणि सगळं थांबलं.

योगिनीच्या काठ्या हवेत, गिटारी बंद, धम्मपाल मान खाली घालून उभा. हजारो माणसं एकदम चिडीचूप. आता मला माहीत आहे की ही या गाण्याची ख्याती आहे. इथे सगळे थांबतात, किती वेळ ते धम्मपाल ठरवतो, कोणी खोकतसुद्धा नाही, आणि मग एकदम ड्रम कोसळतो. पोरं त्या शांततेसाठी लांबून येतात. पण हे आम्हाला कोणी सांगितलं होतं? मला वाटलं, वीज गेली. आणि वहिनीला वाटलं, तिचा लेक ओळ विसरला.

“आला आज पूर!”

मी दचकले. आवाज माझ्या शेजारून आला होता! माइक नाही, काही नाही, नऊ वर्षं बंद असलेला गळा, आणि तो त्या शांततेत पार पलीकडच्या वेलींपर्यंत गेला. पुढची पोरं गर्रकन वळली. कोणी “शूऽऽ” केलं. माझं तोंड लाजेने भाजल्यासारखं झालं. मी पदर ओढला, पिन तुटली, ते सगळं तेव्हाचं. “वहिनी, गप! वहिनी!” ती कुठली ऐकते! गायक परत ओळ घेत नाही तोवर सोडायची नाही. तिने पुन्हा म्हटलं, “रिकाम्या त्या घागरीला आला आज पूर!” तिसऱ्यांदा म्हटलं.

स्टेजवर धम्मपालने मान वर केली. मी त्याला लहानपणापासून पाहिलाय, पण तो चेहरा कधी पाहिला नव्हता. पांढराफटक. मला वाटलं, आता हा पडतो का काय बापासारखा. देवाचं नाव न घेणारी मी, पण मनातल्या मनात म्हटलं, नको, नको. मग त्याने गिटार आडवी धरली आणि तिच्या लाकडावर हाताने थाप दिली. एक, मग दुसरी. ढोलकीचा ठेका! त्याने माइक पुढे ओढला आणि आईच्या हातातून ओळ घ्यावी तशी घेतली, “ओंजळीत आमच्या आलं भीमामुळं पाणी.” वहिनी लगेच मागे. तो म्हणायचा, ही झेलायची. योगिनीने हळूच ड्रम मिळवला. त्यांच्या रेकॉर्डमध्ये नसलेली कडवी आली, आणि शेवटी ते नाव आलं. “कारभारी म्हणे आता झुकू नका कोणी!” नऊ वर्षांपूर्वी अर्धं राहिलेलं गाणं तिथे त्या मळ्यात संपलं. मी तोंडात पदर कोंबून रडत होते.

जो काय हलकल्लोळ उठला! त्या आवाजानेच वहिनीने डोळे उघडले. स्टेजच्या बाजूच्या मोठ्या पडद्यावर तिचाच चेहरा दिसत होता. ती भेदरली. एका पोरीने रडत रडत तिचे हात धरले आणि म्हणाली, “आजी, तिथे नेहमी शांत राहतात, पण तुम्ही काय गायलात!” झालं! वहिनीचा रंगच उतरला.

“तिथं थांबायचं व्हतं?” तिने मला विचारलं. “तो इसरला नव्हता?”

मी तिच्या खांद्यावरून घसरलेला पदर सावरायला गेले.

“मी परत तेच केलं, अंजाबाई,” ती म्हणाली आणि उठून चालायलाच लागली. मी मागे धावले. गर्दीतून वाट काढत ती गेटपर्यंत गेली, डबासुद्धा मागितला नाही, गाड्या लावल्या होत्या तिथे द्राक्षाच्या वेलींच्या कडेला जाऊन उभी राहिली. “त्याच्या बापाच्या मरणावर गायले, आता त्याच्या गाण्यावर गायले. त्यानं बापासाठी तेवढी जागा गप ठेवली व्हती, ती बी मी ठेवली नाय.” मी म्हटलं, वहिनी, वेडी आहेस का, लोक किती खूश झाले! पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती.

धम्मपाल धावत आला. घामाने निथळलेला, गळ्यात अजून कसलीतरी वायर. येऊन समोर उभा राहिला, दम लागलेला. वहिनीनेच सुरुवात केली. “चुकलं रं माझं. तुजं समदं रेकॉर्ड व्हत व्हतं.”

“आई, ती शांतता बाबांसाठी नव्हती,” तो म्हणाला. “माझी होती. त्या जागी मी ढोलकी सोडली. बाबा शिकवायचे ना, गाणं अर्धं टाकायचं नाही? मी टाकलं. तू नाही टाकलंस.”

“मला दिसलं नाय रं, ते पडले ते. म्हणून गायले.”

“मला दिसलं. मी बाजूलाच होतो. ते पडले, पण आई, त्यांचा हात चालू होता.”

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं.

“सतरंजीवर बोटं आपटत होते. तुझ्या गाण्याला ठेका धरला होता त्यांनी. मी ढोलकी सोडली, म्हणून. तुझं कडवं संपलं, मग बोटं थांबली.”

माझा सख्खा भाऊ, आणि हे मला नऊ वर्षांनी कळत होतं. रागही आला, भयंकर आला. “अरे, मग सांगितलं का नाहीस?” मी ओरडलेच. “ही बाई नऊ वर्षं तोंड शिवून बसली!”

“मला वाटलं, तिने बघितलंय,” धम्मपाल म्हणाला. आता तो रडत होता. “मला वाटलं, मी ढोलकी सोडली म्हणून तिने गाणं सोडलं. माझ्यावर रागावली म्हणून.”

“मी मागं बसते रं,” वहिनी म्हणाली. “मागनं नुसती पाठ दिसती.”

आत पोरं अजून ओरडत होती, धम्मपालचं नाव घेत होती, त्याला परत बोलावत होती. तो हलला नाही. वहिनीने त्याचा उजवा हात हातात घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली.

“ठेका बराबर व्हता का त्यांचा?” तिने विचारलं.

“बरोबर होता,” धम्मपाल म्हणाला. डोळे पुसले आणि म्हणाला, “तूच जरा ठेक्यापुढे पळत होतीस.”

वहिनीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “पळणारच की! ढोलकी कुठं व्हती?”